मे महिना पंचेचाळीस दिवसांचा असतो: कोल्हापुरातल्या लहान मुलांची सुट्टी कशी लावावी

गेल्या वर्षी सुट्टी लागली त्याच संध्याकाळी मी चार रंगांच्या स्केचपेननं वेळापत्रक केलं. सकाळी सात ते रात्री नऊ, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन, त्यात शुद्धलेखन, पाढे, चित्रकला, श्लोक. फ्रीजवर डकवलं. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं 'पाढे' लिहिलेल्या चौकोनावर गवा काढला आणि थोरलीनं त्याची शिंगं मोठी करून दिली. वेळापत्रक तिथंच संपलं. कागद मात्र जूनपर्यंत फ्रीजवर होता, माझ्याकडं बघत.

आपण म्हणतो मे महिन्याची सुट्टी, पण ती मेच्या सुरुवातीला लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत चालते. तीन ते आठ वर्षांच्या मुलासाठी हा काळ फार मोठा आहे. एवढ्या दिवसांत नवीन काही शिकलं नाही तरी चालतं. जे येतंय ते वापरात राहिलं नाही, तर मात्र जूनमध्ये बाई पुन्हा बाराखडीपासून सुरू करतात. म्हणून यंदा मी शिकवायचं सोडलं आणि वापरात ठेवायचं धरलं. ते कसं, ते क्रमानं सांगते. माझी थोरली सात वर्षांची, धाकटा चार. मी नोकरी करते, घरी सासूबाई आहेत. तुमच्या घरची मांडणी वेगळी असेल तर त्याप्रमाणं बदला.

पायरी पहिली: चार दिवस काही करू नका, मग एकदा बसून बघा

पहिले चार दिवस मुलांना झोपू द्या, लोळू द्या. पाचव्या दिवशी सकाळी एक वही घ्या आणि मुलाला काय येतं ते बघा. परीक्षा घेतोय असं त्याला वाटता कामा नये, नाहीतर येत असलेलंही बंद होतं. कालची एखादी घटना सांगायला लावा आणि 'मग? आणि मग?' एवढंच विचारा. एखादी ओळ वाचून घ्या. वाटीत शेंगदाणे देऊन मोजायला सांगा. शर्टाचं बटण स्वतः लावतो का, पेन्सिल कशी धरतो तेही बघा. पंधरा मिनिटं पुरतात.

किती यायला हवं याचा अंदाज हवा असेल तर केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टं कामी येतात. हे अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. पहिलीत जाण्याआधीच्या मुलाला अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखता यावेत, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचता यावेत आणि दहापर्यंतचे अंक यावेत. पहिली संपताना चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य आणि ९९ पर्यंतचे अंक. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत. तिसरीच्या शेवटी मिनिटाला निदान ६० शब्द, तेही समजून, आणि ९९९९ पर्यंत. हे आकडे वहीत आपल्यापुरते लिहून ठेवा. मुलासमोर घड्याळ लावून शब्द मोजू नका. मी एकदा मोजले, थोरली दोन दिवस पुस्तकाजवळ फिरकली नाही.

मूल यंदा पहिलीत जाणार असेल तर जवळच्या सरकारी शाळेत शाळापूर्व तयारीचा मेळावा कधी आहे ते विचारा. 'पहिले पाऊल' नावानं २०२२ पासून हे मेळावे होतात. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन असे टेबल मांडलेले असतात. मूल एकेका टेबलावर उड्या मारतं, चित्र रंगवतं, वस्तू लहान-मोठ्या लावतं, आणि त्याला कुठं मदत लागणार ते आपल्याला समोर दिसतं. मेळाव्यानंतर गल्लीतल्या आयांचे मातागट करून सुट्टीत घरी घ्यायच्या कृती देतात. मूल खासगी शाळेत जाणार असलं तरी या कृती घरी घेता येतात, त्याला पैसा लागत नाही.

पायरी दुसरी: दिवसाला तीन खुंट्या

पूर्ण दिवस आखू नका. तीनच वेळा ठरवा आणि त्या मोडू नका. बाकी दिवस मुलांचा. आमच्या घरी त्या अशा आहेत: सकाळी दहाच्या आत बाहेर, दुपारी जेवण झाल्यावर गोष्ट, आणि दिवेलागणीला घरातलं एक काम.

सकाळची खुंटी सगळ्यात महत्त्वाची, कारण बारा ते चार बाहेर पडायचं नाही हे ठरलेलं. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल करावी आणि दहा ते तेरा तास झोपावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. फ्लॅटमध्ये तीन तास हालचाल म्हणजे सोफ्याचा जीव जातो. त्यापेक्षा सातला रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या रस्त्याला जा. घराजवळ तालमीचं पटांगण असेल तर आणखी बरं, कुणी ना कुणी ओळखीचं असतंच.

नोकरी करणाऱ्यांना तिन्ही खुंट्या जमत नाहीत. मला दुपारची जमत नाही, ती सासूबाईंकडं आहे. त्या पुस्तक वाचत नाहीत, सांगतात. शेतातल्या विहिरीची, पुराच्या पाण्याची, त्यांच्या लग्नात बैलगाडी अडकली त्याची गोष्ट. लहान मुलाच्या भाषेला हे छापील पुस्तकाइतकंच कामाचं आहे. फक्त आज्जीवर सलग चार तास दोन मुलं सोडू नका. त्यांनाही दुपारी पाठ टेकायची असते.

पायरी तिसरी: वाचन, घरात आणि रस्त्यावर

आधी वाचनालय. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. एवढं जुनं वाचनालय गावात असताना आपण मुलांना मॉलमधलं स्टिकरचं पुस्तक घेऊन देतो. मुलाला घेऊनच जा, पुस्तक त्यालाच निवडू द्या. त्यानं तेच पुस्तक तिसऱ्यांदा उचललं तर हसून घरी आणा. तीच गोष्ट दहा वेळा ऐकणारं मूल अकराव्या वेळी ती स्वतः 'वाचतं', आधी पाठ म्हणून आणि मग खरंच.

फुकट मिळणाऱ्यांत दोन ठिकाणं मला भरवशाची वाटतात. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ: मराठीतल्या चित्रगोष्टी, वाचनाच्या चार पातळ्यांनुसार लावलेल्या, उतरवून घेऊन छापताही येतात. आम्ही गोष्टी झेरॉक्सच्या दुकानात छापून दोऱ्यानं शिवतो. थोरली शिवते, धाकटा मुखपृष्ठावर काहीतरी काढतो, बहुतेक वेळा गवाच. दुसरं, बालभारतीचं 'किशोर' मासिक. ते १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. ते जरा मोठ्या मुलांचं आहे, सात-आठ वर्षांच्यांना आपण वाचून दाखवायचं.

बालभारतीची पाठ्यपुस्तकंही संकेतस्थळावर फुकट आहेत. पण कृपा करून पुढच्या इयत्तेचं पुस्तक मेमध्येच वाचून संपवू नका. जूनमध्ये बाई शिकवतात तेव्हा आपलं मूल खिडकीतून बाहेर बघत बसतं आणि मग तक्रार येते की लक्ष नाही.

आता रस्ता. पहिली-दुसरीच्या मुलाची गाडी जोडाक्षरापाशी अडते, आणि जोडाक्षरं सगळ्यात जास्त कुठं असतील तर दुकानांच्या पाट्यांवर. महाद्वार रोडनं चालत जा. वस्त्रालय, स्टोअर्स, मिष्टान्न, ज्वेलर्स, चप्पल, एकेका पाटीत एक-दोन जोडाक्षरं. गेल्या महिन्यात थोरली एका ट्रकमागं उभी राहून मोठ्यानं म्हणाली, 'ट-रा-न-स-पो-र-ट.' मी बरोबर करून दिलं नाही. विचारलं, 'असं कुणी म्हणतं का?' ती थांबली, तोंडातल्या तोंडात पुटपुटली, आणि मग एकदम, 'अगं, ट्रान्सपोर्ट!' तेवढ्यात ट्रक निघून गेला. घरी येऊन आम्ही खडूनं फरशीवर ट आणि र जवळ आणले, मधला श्वास काढून टाकला, ट्र झालं. मग ट्रक, ट्रे, ट्रॅक्टर. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच 'ड्रायव्हर' वाचून दाखवलं. पाटी वाचायला दिवसाला पाच मिनिटं, तीही चालता चालता. चुकीची लिहिलेली पाटी सापडली तर थोरलीला आमच्या घरी एक पॉइंट मिळतो. कोल्हापुरात पॉइंटला तोटा नाही.

पायरी चौथी: गणित मंडईत आणि चिंचोक्यांत

कपिलतीर्थ मंडईत मुलाच्या हातात दहाच्या पाच नोटा द्या आणि कोथिंबीर, लिंबू, पावकिलो काकडी त्यालाच घेऊ द्या. मागं गर्दी नसेल अशा वेळी जा. भाजीवाल्या मावश्या मुलाशी थेट बोलतात, 'किती परत द्यायचं बाळा, सांग बघू', आणि हा प्रश्न आपण घरी विचारला असता तर मूल पळालं असतं. घरात कुरडया, सांडगे घालायचे असतील तर ओळी मुलाला लावू द्या. पाच ओळी, ओळीत आठ, म्हणजे किती? कावळ्यानं तीन नेले, आता किती?

पण या सुट्टीत सगळ्यात जास्त गणित आमच्याकडं चल्लस-आठ या पटावरच्या जुन्या खेळात झालं. साहित्य म्हणजे दोन चिंचोके आणि एक खडू. चिंचोके खरबरीत दगडावर घासायचे, मधे फट पडते, मग दोन फाका होतात. एक बाजू काळी, एक पांढरी, अशा चार फाका झाल्या. (घासायचं काम आज्जीचं. लहान मुलांची बोटं सोलतात. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर खेळ संपला की फाका मोजून डब्यात टाका, तोंडात जातात.) फरशीवर पाच बाय पाचचा पट आखायचा. चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली, आणि अगदी मधल्या घरातही. बाजूची फुली म्हणजे आपलं घर, मधली म्हणजे शेवट. फाका टाकायच्या. जेवढ्या पांढऱ्या वर, तेवढी घरं पुढं. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा डाव. फुलीवर बसलेल्या सोंगटीला मारता येत नाही, बाकी कुठंही मारता येतं.

चार वर्षांचं मूल यात आधी नुसतं बोट ठेवून घरं मोजतं. आठवड्याभरात तीन पांढऱ्या बघून 'तीन' म्हणतं, मोजत नाही. पुढचं कौशल्य म्हणजे आपल्या घरापासून शत्रूच्या सोंगटीपर्यंत किती हवेत ते आधीच सांगणं. थोरलीला हे आठ दिवसांत आलं आणि तेव्हापासून आज्जीची एक सोंगटी धड घरी पोचत नाही. हरायलाही यात शिकावं लागतं. धाकट्यानं पहिल्या आठवड्यात दोनदा पट पुसून टाकला. आम्ही पुन्हा आखला.

पायरी पाचवी: आठवड्याला एक ठिकाण, तिथं एकच गोष्ट

टाऊन हॉल म्युझियममध्ये लहान मुलाला सगळी दालनं दाखवायला गेलात तर तिसऱ्या दालनात ते फतकल मारून बसतं. तीनच वस्तू ठरवून जा. सोमवार टाळा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं होतं, त्यात मिळालेला पोसायडनचा छोटा ब्राँझचा पुतळा इथं आहे. हा ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. 'समुद्राचा देव नदीकाठी कसा आला?' असा प्रश्न थोरलीनं विचारला, आणि मग जहाजं, व्यापारी, घाट, बैल असं सगळं बोलणं बागेतल्या झाडाखाली अर्धा तास चाललं. दुसरी वस्तू हत्तीवर बसलेल्या माणसांचं ब्राँझ, तिसरी मुलानं निवडायची. घरी येऊन तिन्ही काढायच्या. बस्स.

दुसरं ठिकाण कुंभार गल्ली. शाहूपुरीत आहे, पापाची तिकटीला आहे, बापट कँपला आहे. उन्हाळ्यात गणपतीची कामं सुरू असतात, म्हणून गर्दीच्या तासाला जाऊ नका आणि आधी विचारा. आम्हाला एका काकांनी मूठभर शाडू दिला आणि धाकट्याला म्हणाले, 'आधी मळ नीट, मग हत्ती कर.' त्यानं वीस मिनिटं नुसतं मळलं, हत्ती झालाच नाही. घरी नेलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या डब्यात ठेवली तर बरेच दिवस टिकते. मुलानं केलेली मूर्ती वाळताना तडकते, कारण पोट भरीव असतं आणि बाहेरून आधी वाळतं. खालून चमच्यानं पोट कोरून घ्या आणि सावलीत वाळवा. लिहिता हात तयार करायला मातीसारखं काही नाही. चार वर्षांच्या मुलाला पेन्सिल धरायला लावण्यापेक्षा माती मळायला द्या.

गंगावेशीचा दूध कट्टा संध्याकाळी दाखवा. म्हशीची धार समोर काढतात ते शहरातल्या मुलाला एकदा बघू द्या. लहान मुलाला मात्र ते दूध घरी आणून उकळूनच. पन्हाळ्याला गेलात तर अंबरखाना बघा: गंगा, यमुना, सरस्वती ही तीन धान्याची कोठारं, आत किती पोती मावतील असा अंदाज मुलं भन्नाट करतात. कणेरी मठावरचं ग्रामजीवनाचं म्युझियम छान आहे, पण खूप चालावं लागतं, उन्हात नको.

पायरी सहावी: ऊन आणि पाणी

बाहेर जाताना टोपी, सुती कपडे आणि मुलाची स्वतःची बाटली. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. पन्हं, कोकम, ताक चालतं. जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, पाणी पोटात टिकत नसेल तर घरी बसू नका.

पोहणं. आपल्याकडं मे महिन्यात विहिरीवर पाठीला डबा बांधून पोरं पोहायला शिकतात आणि ज्याला त्याला त्याचा अभिमान असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मी विहीर, रंकाळा आणि पंचगंगा तिन्ही नको म्हणेन. पोहण्याच्या तलावावर शिकवा, तेही मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाण्यात असेल तरच. काठावर बसून मोबाईल बघणारा बाप लक्ष ठेवतोय असं धरू नका.

मोबाईल आणि शिबिरं, थोडक्यात

दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या आत, त्याच्यावर नाही. दोनच्या आत अजिबात नको. आमचा फोन जेवताना आणि झोपायच्या आधी तासभर चार्जिंगला असतो, सगळ्यांचाच. माझाही, हे सगळ्यात अवघड गेलं.

शिबिराचं म्हणाल तर गेल्या वर्षी एका शिबिरातून थोरली थर्माकोलचा सुंदर मोर घेऊन आली. इतका सुंदर की मला शंका आली. विचारलं तर म्हणाली, 'ताईंनीच केला, आम्ही डोळा चिकटवला.' चाळीस मुलांना एक ताई होत्या, त्या तरी काय करणार. पैसे भरण्याआधी एका ताईकडं किती मुलं, शौचालय कुठं, ऊन लागतं का, मुलाला घ्यायला कोण येऊ शकतं याची नोंद ठेवतात का, एवढं विचारा. आणि एक दिवस बसून बघू देतात का तेही. नाही म्हणाले तर परत या.

पायरी सातवी: आपल्यालाही आधार लागतो

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्याला दंड होता, आणि तो पालकाला. जबाबदारी आपली हे खरं, पण ती एकट्यानं ओढायची असं कुणी म्हटलेलं नाही.

आमच्या गल्लीत यंदा चार घरांनी मिळून पाळी लावली. सात मुलं, आठवड्यातले चार दिवस, साडेनऊ ते साडेबारा. ज्या घरी पाळी असेल त्यांनी एकच गोष्ट घ्यायची: कुणी भेळ करायला शिकवतं, कुणी कागदाची होडी. एका घरातले आजोबा नुसती जुनी नाणी दाखवतात. माझी पाळी शनिवारी, सुट्टी असते म्हणून. पहिल्या दिवशीच बसून ठरवलं: गच्चीचं दार बंद, गॅसजवळ कुणी नाही, कुणाला काय खाऊन त्रास होतो त्याची यादी भिंतीवर, आणि भांडण झालं तर ज्याच्या घरी भांडण त्यानं मिटवायचं, संध्याकाळी ग्रुपवर काढायचं नाही. शेवटचा नियम सगळ्यात उपयोगी पडला. उरलेले दिवस मला ऑफिसमध्ये निर्धास्त जातात.

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी अंगणवाडी आहे. तिथल्या ताईंना आपल्या भागातली मुलं पाठ असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतं, तेही फुकट. दोन वर्षांचं मूल 'पाणी दे' असे दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावानं हाक मारल्यावर बघत नसेल, किंवा बोलत होतं ते थांबलं असेल तर 'याचा बाप पण उशिरा बोलला' हे ऐकत बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडं किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा. सुट्टीत वेळ असतो, तो यासाठी वापरा.

आणि दुपारी दोनला दोन्ही मुलं एकदम रडत असताना आपल्यालाच रडू येतं, हे जवळपास प्रत्येक घरात होतं. ते रोजचं झालं, झोप उडाली, मुलावर हात उठायला लागला, तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. एखाद्या मुलाला मारहाण होतेय, ते हरवलंय किंवा कामाला जुंपलंय असं दिसलं तर मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

शेवटचा आठवडा

शाळा सुरू व्हायच्या आठ-दहा दिवस आधी झोपायची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडं आणा. एकदम आणली तर रात्री अकरापर्यंत अंधारात गप्पा चालतात. पाचव्या दिवशी काढलेली वही उघडा, तीच ओळ वाचून घ्या, तेच शेंगदाणे मोजून घ्या आणि शेजारी लिहा. डबा उघडता येतो का, बाटलीचं झाकण लागतं का, बाथरूमला जायचंय हे बाईंना सांगता येतं का ते घरीच खेळून बघा. आणि बूट आत्ताच काढून घालून बघा. दीड महिना चपलेत गेलेले पाय वाढलेले असतात. आम्हाला गेल्या वर्षी ते शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी पावणेसातला कळलं, बाहेर रिक्षावाले मामा हॉर्न मारत होते.